तिसरा डार्ट

आमच्या बेडरूमच्या दाराला आतल्या बाजूनं साठ-सत्तर बारीक भोकं होती. तो फ्लॅट सोडायची वेळ आली तेव्हा डॅडींनी ती टूथपेस्टनं बुजवली, वरून पांढरा रंग मारला आणि वॉचमनला दोनदा चहा पाजून चावी परत केली. भोकं सगळी एन्कार्नाची. ती स्पेनची, इथे अबुधाबीत एका डेंटल क्लिनिकमध्ये नर्स होती. तिच्या क्वार्टर्समध्ये भिंतीला खिळा मारायला बंदी, म्हणून तिचा डार्टबोर्ड आमच्या दारावर दोरीनं लटकायचा. पुढे ती व्यावसायिक खेळाडू झाली, टीव्हीवर दिसायला लागली, तेव्हा मी ऐटीत सांगायचे, हिनंच आमच्या दाराची चाळण केलीय बरं का, आणि लोक हसायचे. त्याच्या पुढची गोष्ट मात्र मी त्यातल्या कुणाला सांगितली नाही. आता पन्नाशी उलटली. ज्यांना त्या गोष्टीनं वाईट वाटलं असतं ते डॅडीही नाहीत आणि ममीही नाही. म्हटलं, आता तरी लिहून टाकावं.

अबुधाबीत टुरिस्ट क्लब भागात चौथ्या मजल्यावर एक बेडरूम, एक हॉल आणि हातभर स्वयंपाकघर, एवढ्यात आम्ही तिघं. खिडकीतला एसी लागला की घरातल्या घरात ओरडून बोलावं लागे. ममी म्हणायची, ‘मेल्याला घोरायचा पगार मिळतो.’ वसईहून कोणी आलं की बाटली मसाला यायचा, खरोखरच बाटल्यांत ठासून भरलेला, साड्यांत गुंडाळलेला, आणि सुके बोंबील यायचे. ते भाजायचे म्हणजे आधी दाराच्या फटीला ओला टॉवेल लावायचा, नाहीतर समोरची लेबनीज बाई नाक धरून बेल वाजवायची. चपात्या रोज होत नसत. खालच्या बेकरीत एका दिरहमला खबूसची, म्हणजे अरबी रोट्यांची, चवड मिळायची. ‘म्हणजे दहा रुपये झाले. आपल्याकडे दहा रुपयांत चौघं जेवतील का?’ असा हिशेब ममी दर वेळी मोठ्यानं करायची, आणि मग ते गरम खबूस आम्ही मोरी माशाच्या कालवणात बुडवून खायचो. आता मी लेकीकडे असते, अल रीम आयलंडवर, बाविसाव्या मजल्यावर. त्या वेळी इथे नुसता चिखल आणि तिवरं होती. इथे बोंबील भाजले तर फायर अलार्म वाजतो, आणि लेकीला खबूस आणू का विचारलं तर म्हणते, ‘मम्मा, नो कार्ब्स.’

ममी लग्नाआधी वसईला मराठी शाळेत चौथीला शिकवायची. इथे तिच्या तावडीत सापडले एकटी मी. कोळंबी सोलताना, कपडे वाळत घालताना, लिफ्टमध्येसुद्धा प्रश्न यायचा. ‘सतरा त्रिक?’ ‘एक्कावन्न.’ ‘एकशे एकवीसातून अडुसष्ट?’ ‘त्रेपन्न.’ चुकले तर ती रागवायची नाही. फक्त म्हणायची, ‘जसू, हातचा कुठं सांडलास?’ आणि उलट मिळवणी करायला लावायची. म्हणजे आलेल्या उत्तरात वजा केलेला आकडा परत मिळवायचा. मूळचा आला तर उत्तर बरोबर. शाळा इंग्रजी, मैत्रिणी मल्याळी, पण आकडे माझ्या डोक्यात मराठीतच चालायचे. अजूनही भाजीवाल्यापुढे मी ओठ हलवत पुटपुटते, आणि लेक मला कोपरानं ढोसते.

डॅडी गोऱ्यांच्या एका क्लबात बारवर होते. नाव बस्त्याव लोपीस, पण क्लबात सगळे त्यांना बास्टियन म्हणत. बारावी झाल्यावर मलाही त्यांनी तिथल्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून चिकटवलं. क्लबात डार्ट्सचं भारी वेड. खेळ सोपा आहे: प्रत्येकाचे पाचशे एक गुण, एका वेळी तीन डार्ट्स मारायचे, जेवढे गुण पडतील तेवढे वजा, असं करत करत शून्यावर यायचं. अडचण शेवटच्या डार्टची. तो ‘डबल’मध्येच गेला पाहिजे, आणि डबल म्हणजे बोर्डाच्या कडेची बोटापेक्षाही अरुंद पट्टी. बोर्डावर एक ते वीस आकड्यांच्या फाका असतात, त्या आकड्याचे कडेच्या पट्टीत दुप्पट गुण आणि आतल्या तशाच पट्टीत तिप्पट. बोर्डाशेजारी काळी पाटी असते आणि पाटीपाशी खडू घेऊन उभा असतो तो मार्कर. त्यानं पटकन वजाबाकी करून लिहायची आणि खेळाडू नेम धरत असताना पापणीही हलवायची नाही. विचारलं तर किती उरले तेवढं सांगायचं. मारायचं कुठे, हे चकार शब्दानं सांगायचं नाही. आणखी एक नियम होता, तो इथे नीट सांगून ठेवते. मार्करची वजाबाकी चुकली तर त्या खेळाडूनं पुढचा डार्ट टाकायच्या आत ती दुरुस्त करायची. एकदा डार्ट सुटला की मग चूकच खरी धरायची. दोन पेग पोटात गेले की गोऱ्यांची वजाबाकी बोंबलायची, म्हणून कुणीतरी मला पाटीपाशी उभं केलं, आणि महिनाभरात सगळे म्हणायला लागले, बास्टियनच्या मुलीलाच बोलवा.

एन्कार्ना मात्र क्लबात नाही, चर्चमध्ये भेटली. इथे तेव्हा रविवारी ऑफिस असायचं, म्हणून आमचा रविवार शुक्रवारी. मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, ती आमच्या मागच्या बाकावर बसायची आणि एवढं बेसूर गायची की डॅडी माळ ओढता ओढता हसू दाबायचे. बारकी, काळ्या केसांची, तिशीला आलेली. ममीनं एकदा मागे वळून पाहिलं आणि मला म्हणाली, ‘हिच्या घरचे हिला जेवायला घालत नाहीत का गं?’ आणि मिस सुटल्यावर हाताला धरून तिला घरी आणलं. त्या दिवशी बोंबील भाजले होते. आम्हाला वाटलं, आता ही पळते. तर बाईनं वास घेतला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिचं गावही समुद्राकाठचं, तिथेही अशीच मासळी उन्हात टाकतात, आजी काठी घेऊन राखण करते. नंतर तिनं हातानं चार बोंबील खाल्ले आणि तिच्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, तुमच्या दारावर माझा बोर्ड टांगला तर चालेल का? ममीला ‘डार्ट’ म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. कॅलेंडर असेल असं समजून ती हो म्हणाली.

तेव्हापासून चार वर्षं आमच्या घराला तो आवाज होता. ठक्. ठक्. ठक्. मिक्सर थांबला की ठक्, एसी थांबला की ठक्. मी पलंगावर बसून वजाबाकी करायचे आणि ती दर फेरीनंतर न वळता विचारायची, ‘कुआंतो?’ म्हणजे किती उरले. तिला मोजता यायचं नाही असं नव्हतं. पण ती म्हणायची, ‘मी मोजायला लागले की माझा हातसुद्धा मोजायला लागतो, आणि मग तो फेकत नाही.’ म्हणून मोजणं सगळं माझ्याकडे. ती माझ्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास टाकायची आणि नेम धरायची. ममीनं तिला ‘वीस त्रिक साठ’ शिकवलं होतं. तिचं ‘विस त्रिक साट’ ऐकून डॅडींना ठसका लागायचा. तिचा आवडता डबल अठराचा. कुणी अठरावर जात नाही, सगळे वीस नाहीतर सोळा धरतात, पण हिचं ठरलेलं. आणि तिची एक खोड होती. छत्तीस उरले, म्हणजे आता फक्त डबल अठरा हवा, की पहिला डार्ट बोटभर बाहेर जायचा. दुसरा पट्टीच्या तारेला घासून बाहेर. तिसरा आत. दहातून आठ वेळा असंच. ‘पहिला बघतो, दुसरा शिकतो, तिसरा जातो,’ असं ती म्हणायची. मी त्या तीन आवाजांवरून, मान वर न करता, आत गेला की नाही सांगू शकायचे.

क्लबातल्या बायकांत तिला तोड उरली नाही, मग ती पुरुषांत खेळू लागली, आणि त्या वर्षी आखाती स्पर्धेच्या फायनलला पोचली. फायनल आमच्याच क्लबात, शुक्रवारी दुपारी. जिंकेल त्याला इंग्लंडला पाठवणार होते, मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीला, जायचं-यायचं तिकीट आणि राहणं सगळं. एन्कार्नाचं क्लिनिकचं कंत्राट पंधरा दिवसांत संपत होतं. ते वाढणार नव्हतं. गावी गेली की तिथल्या एकुलत्या एका डेंटिस्टकडे लाळ पुसायचं काम ठरलेलं. ‘जसिंता,’ ती मला म्हणाली होती, ‘हे तिकीट मिळालं तर मी खेळाडू. नाही मिळालं तर मी नर्स. तिसरं काही नाही.’ आणि समोर कोण? मिस्टर कोल. क्लबाचे सेक्रेटरी आणि डार्ट्सचे कॅप्टन. माणूस वाईट नव्हता, पण शिस्तीचा, आणि हरायची सवय नसलेला. स्टाफच्या व्हिसाचे कागद त्यांच्याच सहीनं जात. त्या आठवड्यात डॅडींच्या व्हिसाचा कागद त्यांच्या टेबलावर पडला होता. मला ठाऊक होतं, कारण तो टाइप मीच केला होता. सही झाली नव्हती. डॅडींच्या व्हिसावर ममी, डॅडींच्या व्हिसावर मी.

फायनलच्या सकाळी मिसाहून आल्यावर एन्कार्नानं दारावर वीस मिनिटं सराव केला. ममीनं पेज वाढली तर तिनं दोन चमचे घेतले. डॅडी शर्टाला इस्त्री करत होते. त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, ‘मार्करला तूच आहेस आज. साहेबांनीच सांगितलं. नीट उभी राहा.’ मी म्हटलं, ‘मी कधी वाकडी उभी राहते का?’ त्यावर नेहमीसारखे हसले नाहीत.

क्लबाचा हॉल गच्च भरला होता. बाहेर ऊन असं की खिडक्यांचे पडदे पांढरे पडलेले, आत एसीचा आवाज आणि पंधरा-वीस देशांच्या सेंटांचा एकत्र वास. पहिले दोन डाव एकेकाकडे गेले. तिसऱ्या डावात एन्कार्नानं नेहमीसारखं विचारलं, ‘कुआंतो?’ आणि मी सवयीनं तिच्या भाषेत आकडा सांगितला. इतक्या वर्षांत तेवढे आकडे मलाही येत होते. मिस्टर कोलनी हात वर केला.

‘एक्स्क्यूज मी. इंग्लिश ओन्ली, प्लीज. मार्कर माझ्या विरुद्धच्या खेळाडूला काय सांगते आहे ते मला कळायला हवं.’

‘नुसता आकडा सांगितला, सर,’ मी म्हटलं.

‘मी आरोप करत नाहीये. पण पुन्हा असं झालं तर मला मार्कर बदलावा लागेल, आणि तो डाग मागे राहील.’ मग ते बारकडे वळले. आवाज चढवला नाही, तेच वाईट. ‘बास्टियन, तुझी मुलगी इथे नोकरीला आहे, बरोबर?’

‘यस, सर,’ डॅडी म्हणाले. त्यांच्या हातात ग्लास होता, तो ते पुसतच राहिले.

राग आला, भारी राग आला, आणि त्याच्याही खाली भीती होती. एन्कार्नानं माझ्याकडे पाहून एक डोळा बारीक केला, म्हणजे सोड, काही नाही. तो डाव कोलनी घेतला, चौथा तिनं ओढून आणला. दोघांचे दोन-दोन. आता पाचवा, निकालाचा.

पाचव्या डावात मी पाटीशिवाय कशाकडे बघत नव्हते. एन्कार्नाचे एकशे एकवीस उरले होते. ती आली. वीस त्रिक साठ. मग साधा वीस. तिसरा जरा घसरून पाचात. साठ, ऐंशी, पंच्याऐंशी. मी खडू उचलला. अकरातून पाच गेले, सहा. बारातून आठ गेले, चार. सेहेचाळीस लिहिलं आणि बाजूला सरकले. मग कोल आले. त्यांचे साठ उरले होते. पहिल्या डार्टला साधे वीस, चाळीस उरले, आता डबल वीस लागला की संपलं. ते नेम धरत होते, आणि मी पुतळा होऊन उभी राहून, वेळ काढायला म्हणून, ममीनं लावलेल्या सवयीनं उलट मिळवणी केली. सेहेचाळीस आणि पंच्याऐंशी. एकशे एकतीस.

एकतीस नाही. एकवीस.

हातचा. माझा हातचा सांडला होता. तिचे सेहेचाळीस नव्हते उरले, छत्तीस उरले होते. छत्तीस म्हणजे डबल अठरा, आणि तिच्या हातात तीन डार्ट्स. सेहेचाळीस म्हणजे आधी एक डार्ट दहावर घालवायचा, मग अठराला दोनच उरणार. कोलचा दुसरा डार्ट बाहेर गेला. तिसराही बाहेर गेला. हॉलमध्ये हुश्श झालं. ते बोर्डापाशी आले, माझ्यापासून हातभरावर उभे राहून एकेक डार्ट उपटू लागले. हीच वेळ होती. ‘सॉरी, माझी चूक, थर्टी-सिक्स,’ एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. पण म्हटलं असतं म्हणजे काय झालं असतं? एकदा ताकीद मिळालेल्या मार्करनं, बारमनच्या मुलीनं, ऐन निकालाच्या क्षणी पाटी पुसून आपल्या मैत्रिणीचे दहा गुण कमी केले. बरोबरच होतं ते, कुणीही बेरीज करून बघितली असती. पण ती बेरीज होईपर्यंत कोलचे ते डोळे माझ्यावर, आणि माझ्यावरून डॅडींवर.

मी डॅडींकडे बघितलं. ते ग्लास पुसत नव्हते. फडकं हातात तसंच होतं आणि ते पाटीकडे बघत होते. डॅडीही मोजायचे, बारमागून, नेहमीच, माझ्याइतकेच भराभर. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान एकदाच, अगदी थोडी, हलवली. नाही.

एन्कार्ना रेघेवर येऊन उभी राहिली. साहेबांचं ऐकून तिनं इंग्रजीत विचारलं, ‘हाऊ मच?’

‘फॉर्टी-सिक्स,’ मी म्हटलं.

पाटीवर चुकून लिहिलं गेलं ते वेगळं. हे मी तोंडानं म्हटलं, माहीत असून म्हटलं. तिनं मान डोलावली. पहिला डार्ट दहात, बरोबर मधोमध. आता अठरा. दुसरा डार्ट बोटभर बाहेर. तिसरा तारेला घासून बाहेर. आणि मग तिचा उजवा हात आपोआप डाव्या हाताकडे गेला. पुढचा डार्ट घ्यायला. डावा हात रिकामा होता. ती क्षणभर त्या रिकाम्या मुठीकडे बघत राहिली. मी पाटीवर सेहेचाळीसातून दहा वजा केले आणि लिहिलं: छत्तीस.

कोलनी पहिल्याच डार्टला डबल वीस मारला. टाळ्या, शिट्ट्या, खुर्च्यांचा आवाज. एरवी पाटी फोटो काढेपर्यंत तशीच ठेवायची असते. मी वळले तर डॅडी ओलं फडकं घेऊन पोचलेही होते, आणि त्यांनी दोन फटक्यांत सगळं पुसून टाकलं. एन्कार्ना आली, मला मिठी मारली. तिचे हात बर्फासारखे गार होते. ‘तू छान मोजलंस,’ ती म्हणाली. ‘माझाच हात कापला. अठरावर कापला. कधी कापत नाही.’

घरी येताना गाडी डॅडी चालवत होते. सिग्नलला थांबल्यावर समोर बघतच म्हणाले, ‘मी मोजत होतो, पोरी.’ सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न मारला, तरी गाडी हलेना. मग म्हणाले, ‘बुधवारपर्यंत होईल सही.’ ह्या विषयावर आयुष्यभरात आमचं झालेलं बोलणं ते एवढं. वर गेलो तर ममीनं मैद्याचे फुगे तळून ठेवले होते, टम्म फुगलेले, एन्कार्नाच्या जिंकण्याचे. ‘कोण जिंकलं?’ तिनं विचारलं. डॅडी बाथरूममध्ये जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिले.

बुधवारी सही झाली. गुरुवारी मी कन्फेशनला गेले आणि जाळीमागच्या फादरला सगळं सांगितलं. त्यांना डार्ट्समधलं काही कळत नव्हतं, त्यामुळे त्यांनाही पाचशे एकपासून समजवावं लागलं, आणि एवढ्या रडण्यातही मला त्याचं हसू आलं. त्यांनी तीन ‘नमो मरिया’ म्हणायला सांगितल्या आणि म्हणाले, ‘देवाला कळलं. आता तिला सांग.’ शुक्रवारी ती जेवायला आली. बोर्ड उतरवून न्यायला आली होती. ममीनं पुन्हा फुगे केले, कोंबडी केली, जेवताना तिच्या पानात वाढत राहिली. मला सांगायला तीन वेळा संधी मिळाली. एकदा ममी स्वयंपाकघरात गेली तेव्हा, एकदा आम्ही दोघी दोरी सोडत होतो तेव्हा, आणि एकदा लिफ्टमध्ये. तिन्ही वेळा माझं तोंड उघडलं, आणि दुसरंच काहीतरी बोलले. लिफ्टमध्ये मी काय म्हटलं माहीत आहे? ‘तिकडे थंडी असेल ना?’ लाज वाटते लिहायला.

ती गेली. डेंटिस्टकडे लागली. पण ह्या बाईची जिद्द बघा: पगारातून साठवून बसनं, रेल्वेनं युरोपभर छोट्या छोट्या स्पर्धांना जायची, हरायची, परत यायची आणि सोमवारी कामावर हजर. ममीला पोस्टकार्ड यायचं. पहिल्या वर्षी ‘हरले’, दुसऱ्या वर्षी ‘हरले पण कमी’, चौथ्या वर्षी ‘नोकरी सोडली’. मग ती डिशवर दिसायला लागली, क्रीडावाहिनीवर, अंगात नाव लिहिलेला शर्ट. तिकिटानं जे एका दुपारी झालं असतं त्याला तिला चार वर्षं लागली. आणि एक गोष्ट समालोचक गंमत म्हणून सांगायचे: ही बाई डबल अठराला हात लावत नाही. छत्तीस उरले की आधी चार मारते, बत्तीस करते आणि डबल सोळावर जाते. दर वेळी एक डार्ट फुकट घालवते. प्रेक्षक हसायचे. मी टीव्ही बंद करायचे.

त्या फायनलनंतर सहा वर्षांनी ती दुबईला एका स्पर्धेला आली. माझं लग्न झालं होतं. डॅडी निवृत्त होऊन वसईला गेले होते आणि आदल्या वर्षी तिथेच वारले. मी सकाळीच अबुधाबीहून निघाले. हॉटेलच्या मागच्या बाजूला खेळाडूंच्या सरावाची खोली होती, भिंतीला ओळीनं बोर्ड. तिनं मला बघितलं आणि ओरडून धावत आली, ‘विस त्रिक साट!’ मी तिला मिठीही मारू दिली नाही. उभ्या उभ्या सांगून टाकलं. थांबले असते तर पुन्हा थंडीबद्दलच बोलले असते.

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘किती होते?’

‘छत्तीस.’

‘तीन डार्ट्स.’

‘हो.’

ती आपल्या बॅगेवर बसली. ‘सहा वर्षं,’ ती म्हणाली. ‘सहा वर्षं मी समजते आहे की माझ्या हातात खोट आहे. अठरा दिसला की मी डार्ट दुसरीकडे वळवते.’ तिनं वर बघितलं. ‘त्या दुपारी तू गप्प बसलीस ते मला समजतं. बाप आहे. मीही बसले असते. पण त्याच्या पुढच्या शुक्रवारी? मी तुझ्या आईच्या हातचं जेवत होते. तेव्हा व्हिसा झाला होता ना?’

‘झाला होता.’

‘मग?’

‘लाज वाटली,’ मी म्हटलं. ती स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलली, ते मला कळायची गरज नव्हती. पाठ फिरवून ती भिंतीकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, जा. मी पर्सही उचलली.

‘तिथे उभी राहा,’ ती म्हणाली. ‘बोर्डापाशी. तुझ्या जागेवर.’ मी जाऊन उभी राहिले. ती रेघेवर गेली. ‘कुआंतो?’

‘छत्तीस,’ मी मराठीतच म्हटलं.

पहिला डार्ट बोटभर बाहेर. दुसरा तारेला घासून बाहेर. तिसरा डार्ट तिनं उचलला, नेम धरला आणि सोडला. तो चांगला दोन बोटं बाहेर, बोर्डाभोवतीच्या लाकडात जाऊन बसला.

‘बघ,’ ती खांदे उडवत म्हणाली. ‘नसताच गेला. उगाच रडतेस.’ आणि डार्ट्स काढायला पुढे आली, माझ्याकडे न बघता.

अहो, चार वर्षं मी ते मनगट बघितलं होतं. कोपर सरळ व्हायच्या आधी तिनं तो डार्ट सोडून दिला होता. तशी ती झोपेतसुद्धा सोडणार नाही. मला ते दिसलं, आणि मला दिसलं हे तिलाही कळलं असणार. ह्या खेपेला आम्ही दोघीही गप्प बसलो.

दुपारी तिचा सामना होता. मी चौथ्या रांगेत बसले होते. आता खडू नव्हता, पाटी नव्हती, आकडे पडद्यावर आपोआप उमटत होते. शेवटच्या डावात तिचे छत्तीस उरले. माझ्या बाजूचा इंग्रज आपल्या बायकोला म्हणाला, ‘आता बघ, ही चारावर जाईल.’ ती रेघेवर आली. चाराकडे वळली नाही. पहिला डार्ट बोटभर बाहेर. हॉलमध्ये कुजबुज. दुसरा तारेला घासून बाहेर. तिनं डाव्या हातातून तिसरा घेतला, आणि मी डोळे मिटले. मला बघायची गरज नव्हती.

ठक्.

छत्तीसातून छत्तीस. हातचा काही नाही.